कानाशी धरलेली सुपारी

परवा ऑफिसात दुरुस्तीसाठी आमचं एक यंत्र परत आलं. खोकं उघडलं आणि आधी वास आला. वाळत्या सुपारीचा वास ज्याला माहीत नाही त्याला तो सांगून कळत नाही. थोडा आंबूस, थोडा गोडसर, भिजलेलं लाकूड उन्हात टाकलं तर येईल तसा काहीसा. यंत्राच्या फटीत सालीचा तूस अडकला होता. आमचा इंजिनिअर कुरकुरला, मॅडम, लोक पुसूनसुद्धा पाठवत नाहीत हो. मी तो तूस चिमटीत धरून बसून राहिले. म्हणजे श्रीवर्धनला हंगाम सुरू झाला तर.

नव्या मुंबईत हंगाम कळायला काही मार्ग नाही. थंडी पडली की एसी जरा कमी करतात आणि खालचा चहावाला आलं जास्त ठेचतो, संपलं. तिकडे मात्र दिवाळी सरली, आभाळ निवळलं की अंगणं चोपून सारवून घेतात आणि पोफळीवरून उतरवलेले घड आणून पसरतात. आधी सगळं अंगण नारिंगी दिसतं. मग पिवळं, मग मातकट. रोज उलथापालथ करायची, दव पडायच्या आत ताडपत्री ओढायची, सकाळी ती झटकून परत काढायची. घराघरातून तोच ताडपत्रीचा खसखस आवाज. त्यामागे समुद्र, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. समुद्र पाहुण्यांसाठी असतो.

मी त्या गावची, पण पाहुण्यासारखीच. शाळा होस्टेलात, कॉलेज होस्टेलात, मग विद्यापीठ. अम्मी गेल्यावर घर म्हणावं असं काही उरलं नाही. अब्बा कुवेतला. राहता राहिली अब्बांची मोठी बहीण, माझी फुफी. तिची दोन्ही मुलं बायकापोरांसकट आखातात, आणि ती श्रीवर्धनच्या त्या लांबलचक घरात वाडी सांभाळत एकटी. सुट्टीत दोन दिवस जायचं, तिच्या हातचं सांदण खायचं, निघायचं, एवढाच आमचा व्यवहार होता. मग तो एक हंगाम आला आणि मी तिच्याकडे थंडी संपेपर्यंत राहिले.

त्याला कारण ग्रँट. विद्यापीठातलं संशोधन कपाटात पडून राहतं, ते बाजारात जावं, माणसाच्या उपयोगी पडावं, म्हणून आता निधी मिळतो. मी आमच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट केली होती. सुपारीला हलकी टिचकी मारायची, तिचा आवाज ऐकायचा आणि आत ओल किती आहे ते सांगायचं. सरांना वाटलं हे विकता येईल. अर्ज केला, मुलाखती झाल्या, निधी मिळाला. सरांनी पेढे वाटले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अटी मागाहून नीट वाचल्या. ज्याने वस्तू बाजारात न्यायची त्याने संशोधकाची जागा सोडायची, कंपनी काढायची आणि एक पूर्ण हंगाम गावात जाऊन, वापरणाऱ्या माणसांमध्ये बसून ती वस्तू तपासायची. पेढा तोंडात विरघळायच्या आत माझं टेबल दुसऱ्या मुलीला दिलं गेलं. ती बिचारी चांगली होती, माझा चहाचा मग तिने धुऊन एका पिशवीत घालून दिला.

प्रयोगशाळेत आम्ही फार बोलायचो असं नाही. पण चार माणसं एका खोलीत आपापल्या कामात गढलेली असली की एक सोबत असते, ती सुटल्याशिवाय कळत नाही. गावी आल्यावर पहिले काही दिवस मी आमच्या ग्रुपवर फोटो टाकत होते: अंगण, यंत्र, मांजर. सगळे अंगठे दाखवायचे. मग अंगठेही कमी झाले. ज्याचं त्याला पडलेलं असतं, मी तरी कुणाची चौकशी करत होते?

गावात कंपनीची मालकीणबाई म्हणून मिरवायचीही सोय नव्हती. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं फुफी माझ्या खोक्यांकडे बघून म्हणाली होती. मग तिने मधली खोली झाडून दिली आणि यंत्रावर स्वतःची जुनी ओढणी घातली, धूळ बसू नये म्हणून.

आता फुफीचं सांगायला हवं, कारण त्या गल्लीत सुपारीच्या बाबतीत तिच्या कानाला मान होता. सुपारी सालीसकट वाळवतात. आतली बी सुकली की सालीपासून सुटते आणि हलवली की आत खुळखुळते. ओली असली तर मुकी राहते. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण अर्धवट वाळलेली कुठली आणि पोत्यात भरण्याजोगी कुठली, तिथे माणसं चुकतात. एक ओली पोत्यात गेली की बुरशी धरते आणि शेजारणींना घेऊन बसते. म्हणून सकाळी उन्हं ओट्यावर आली की गल्लीतलं कुणी ना कुणी मूठभर सुपाऱ्या घेऊन फुफीकडे यायचंच. ती एकेक उचलून कानाशी धरायची, हलवायची आणि म्हणायची, कोरडी. किंवा, ओली. तिने कोरडी म्हटल्याशिवाय पोतं भरायचं नाही, असा रिवाजच पडला होता. हिंदू-मुसलमान, लहान-मोठा वाडीवाला, सगळे यायचे. शेजारचे करमरकर काका तर रोज. गवती चहाचं आधण सकाळपासून चुलीवर असायचं आणि फुफीचं तोंड अखंड चालू. कुणाला मधे बोलू द्यायची नाही. काका हसून म्हणायचे, तुमच्या फुफीकडे कान एक आहे पण तोंडं दहा आहेत.

माझ्यासाठी हे आयतंच होतं. निधीवाल्यांच्या समितीला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे भट्टीतला पुरावा. त्यासाठी मी सुपाऱ्या मुंबईला पाठवत होते, तिथे त्या तापवून ओल मोजायचे. आणि दुसरी म्हणजे गावातल्या जाणकार माणसाचा निर्णय आणि यंत्राचा निर्णय किती जुळतो ते. जाणकार कुठे शोधायला जायची गरजच नव्हती, माझ्याच उशाला झोपत होती. रोज सकाळी मी तिच्यासमोर बसायचा वेताचा मोडा टाकून बसायची. आधी मी यंत्रात बघायची, गुपचूप टिपून ठेवायची, मग सुपारी तिच्या हातात द्यायची. ती कानाशी धरून सांगायची.

सुरुवातीला काहीच जुळेना. यंत्र म्हणे ओली, ती म्हणे कोरडी. ती म्हणे ओली, तर यंत्रात खडखडीत. मी रडकुंडीला आले. दुपारी सगळी गल्ली झोपली की मी मधल्या खोलीत ते यंत्र उघडायची, काहीबाही बदलायची, परत लावायची. पंखा गरगरायचा, बाहेर अंगणात सुपारी तडतडायची आणि मला वाटायचं, हे कुणासाठी चाललंय? हे यंत्र झालं काय नि नाही झालं काय, मला फोन करून विचारणारं कोण आहे? त्या दुपारींनी मला जे एकटं पाडलं तसं होस्टेलच्या ईदेच्या सुट्ट्यांनीही पाडलं नव्हतं.

मग थंडी वाढली तसं हळूहळू जुळायला लागलं. आधी अधूनमधून, मग बरंचसं, मग जवळजवळ सगळंच. मी हरखून सरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं आणि जाता जाता विचारलं, यंत्रात नक्की काय बदललंस? मी आठवून आठवून सांगितलं. ते म्हणाले, यातल्या कशानेही एवढा फरक पडायला नको. भट्टीचे आकडे तर पहिल्यापासून यंत्राच्याच बाजूने आहेत. मग बदललं कोण?

मी तो प्रश्न झटकून टाकला. यश मिळत असताना शंका कोण काढत बसतो?

त्यानंतर काही दिवसांनी मी पडवीत पाण्याचा हंडा उतरवत होते, तो हातातून सटकला. पितळेचा भरलेला हंडा, फरशीवर. शेजारची कुत्री भुंकायला लागली, पलीकडून काकांनी काय पडलं म्हणून विचारलं. फुफी माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वळवली नाही. पाणी वाहत तिच्या पायाशी गेलं तेव्हा ती दचकून उठली.

मग एकेक आठवत गेलं. अब्बांचा शुक्रवारी फोन यायचा तेव्हा ती तो हिसकावून घ्यायची, आपलं सगळं भडाभडा सांगायची आणि त्यांनी काही बोलायच्या आत माझ्या हातात द्यायची, बस झालं, खर्च होतो म्हणून. व्हॉट्सॲपला कसला आलाय खर्च? आम्ही हसायचो. कुणाला मधे बोलू न देणं, तेही त्यातलंच. आणि दोन वर्षं गल्लीतली पोती बुरशीने जात होती, त्याचाही अर्थ लागला. लोक म्हणत होते, हवाच बदलली हो, दव फार पडतं. आभाळाला दोष दिला, समुद्राला दिला, वाडीत नवीन आलेल्या पंपाला दिला. फुफीच्या कानावर कुणाला संशय आला नाही, कारण तसा संशय घ्यायची पद्धतच नव्हती.

पण मग माझ्याशी तिचं जुळत कसं होतं?

मी शेवटी प्रयोगशाळेतच वाढलेली. दुसऱ्या दिवशी मी प्रयोग केला. यंत्रात बघितलं, सुपारी कोरडी होती, अगदी स्वच्छ कोरडी. मी कपाळाला आठी घातली, ओठ मुडपले, ओल्या सुपारीला माझं तोंड जसं होत असेल तसं केलं. आणि सुपारी तिच्या हातात दिली. तिने ती कानाशी धरली, हलवली. एवढ्या जवळ बसले होते की मलाही आतली बी खुळखुळलेली ऐकू आली. ती माझ्याकडे बघत होती. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाली, ओली.

मी टिपलं आणि पुढची सुपारी दिली. मी कुणाला काही सांगितलं नाही, सरांनाही नाही. काय सांगणार? ते सांगितलं असतं तर सकाळी त्या ओट्यावर कोण आलं असतं? सुपारी हे निमित्त होतं. ती मूठभर सुपारी नसती तर त्या म्हातारीच्या दारात दिवस दिवस कुणी फिरकलं नसतं, आणि हे तिला माझ्याहून आधी कळलं होतं. आणि मी तिथे काय घेऊन आले होते? घरोघरी ठेवता येईल असा एक कान.

समिती आली ती थंडी ओसरताना. समिती म्हणजे एक बाई, साध्या, हसऱ्या, चष्म्यातून नीट बघणाऱ्या. मांडव्याला बोटीतून उतरून, काशीदला नारळपाणी पिऊन, दिघीची खाडी गाड्या वाहणाऱ्या जंगरने ओलांडून आल्या होत्या आणि वळणांनी त्यांना गाडी लागली होती. फुफीने त्यांना आधी लिंबू-मीठ दिलं. ओट्यावर अख्खी गल्ली जमली होती. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. फुफी ईदेची साडी नेसली होती.

बाईंनी यंत्र बघितलं, कौतुक केलं. मग म्हणाल्या, आता आजींबरोबर दाखवा. मी मोडा ओढला, तशा त्या म्हणाल्या, असं करू या, तुम्ही त्यांच्या मागे बसा. म्हणजे यंत्र त्यांना दिसणार नाही. बरोबरच होतं ते. मी परीक्षक असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मी उठून फुफीच्या मागे गेले. तिने पहिली सुपारी उचलली, कानाशी धरली, हलवली. मान जराशी वळवली, पण समोर मी नव्हते, काका होते. ते तिच्याकडे बघून कौतुकाने हसत होते. तिने सुपारी खाली ठेवली, दुसरी उचलली. तीही हलवली. सगळे वाट बघत होते. मला तिची मान दिसत होती आणि कानामागे खोचलेला पदर. तिने काहीतरी अंदाजाने सांगून टाकावं, अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होते.

तिने सुपारी मांडीवर ठेवली.

“मला ऐकू येत न्हाय,” ती म्हणाली. “लय दिवस झाले. ही पोर यंत्रात बघते, मी तिच्या तोंडाकडं बघते, नि सांगते. तुमी यंत्राचं ऐका. ते खरं बोलतंय.”

मग काका पुढे वाकून म्हणाले, अहो, दोन वर्षं हवाच तशी होती, तुमचा काय दोष? त्यांचंही पोतं गेलं होतं. माणूस किती मोठ्या मनाचा असावा! पण फुफी तेव्हा खाली बघत होती, त्यामुळे तिला ते ऐकू आलं नाही.

बाईंनी जाणकाराच्या निर्णयाचा रकाना रद्द केला. भट्टीचा पुरावा भक्कम होता, यंत्र पास झालं. पुढच्या टप्प्याचा निधीही मिळाला.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसले, तिला माझे ओठ दिसतील अशी, आणि हळूहळू विचारलं, कशाला सांगितलंस? तिने मला आधी चहा दिला. मग म्हणाली, खोटं सांगितलं असतं तर यंत्र खोटं पडलं असतं, तुझी इतक्या महिन्यांची मेहनत. मी म्हटलं, मला माहीत होतं तुला ऐकू येत नाही ते.

“मला म्हायती हाय तुला म्हायती होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी तू तोंड खोटं केलंस ना, तवाच कळलं.”

मग ओली का म्हणालीस, मी विचारलं.

“तू विचारत व्हतीस. मी उत्तर दिलं.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. स्वतःसाठीच रडले, खोटं कशाला बोलू? मी तिच्यासमोर बसून महिनेच्या महिने यंत्रात बघत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. माझ्या भुवया, माझे ओठ, श्वास कुठे थांबतो, सगळं तिने पाठ केलं होतं. माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणीही पाहिलं नव्हतं. अम्मीने पाहिलं असेल, पण ते आठवण्याइतकी मी मोठी नव्हते. विद्यापीठात तर आम्ही सगळे पडद्याकडेच बघत बोलायचो.

पुढे सकाळी माणसं यायची थांबली. एकदम नाही. काका काही दिवस मुद्दाम येत राहिले, सुपाऱ्याही आणायचे, पण दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. आणि यंत्र पास झाल्यावर खोक्यांतली चाचणीची बाकी यंत्रं मीच घरोघर वाटली होती. आपल्याच अंगणात टिचकी मारली की काम होत होतं, मग कशाला कोण चपला घालून येईल? गवती चहाचं आधण फुफी तरीही सकाळी ठेवायची आणि उन्हं उतरली की ओतून टाकायची. मी मुंबईहून कानाचं मशीन मागवलं. ते तिने एक दिवस लावलं. म्हणाली, फ्रिज सारखा बोलतो गो, डोकं उठलं. आणि काढून किल्ल्यांच्या डब्यात टाकलं.

लोकांची पोती आता सडत नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमचं यंत्र वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ते चांगलं आहे. गावागावात जातंय, कारवारकडेही जाऊ लागलंय. आम्ही आता ऑफिसात बरीच माणसं आहोत, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेलं असतं. बैठकीत मी बोलते तेव्हा सगळे मागच्या भिंतीवरचा तक्ता बघतात. परवा ताप अंगावर काढून मी दिवसभर काम केलं, कुणाला कळलं नाही. कळावं असं काही नव्हतंही म्हणा.

हंगाम संपला तेव्हा मी खोकी बांधली. एसटी स्टँडपर्यंत काकांचा मुलगा स्कूटरवर सोडणार होता. फुफीने पिशवीत आमसुलं, तळलेले फणसगरे आणि एक कोरा टॉवेल घातला. टॉवेल कशाला, ते मी विचारलं नाही. मी तिच्यासमोर उभी राहिले, नीट, उजेडात, आणि सांगितलं, फुफी, पुढच्या हंगामाला मी नक्की येते. राहायलाच येते. सकाळी तू नि मी ओट्यावर बसू.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. अजिबात घाई न करता बघितलं.

“न्हाय येणार तू,” ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली. रागाने नाही, समजुतीनेही नाही. कोरडी, ओली सांगायची त्याच आवाजात.

मला तेव्हा हसू आलं. मी खरंच येणार होते. शपथ घालून विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

त्यानंतरचा हा दुसरा हंगाम. मी अजून गेलेली नाही.